उजेडाचा पडदा आणि माझी दहा बोटं

“मामा, हात दाखवा,” शेठ म्हणाले.

मी पेडलवरचा पाय काढला, स्टुलावरून उठलो, चिंधीला हात पुसले आणि पाहुण्यांपुढं धरले. आधी तळवे वर, मग उलटे, बोटं फाकवून. बघायला आलेल्या मंडळींपुढं पोह्यांची बशी धरणाऱ्या मुलीलाही एवढा सराव नसेल.

“उभा जन्म प्रेसवर गेला यांचा,” शेठ सांगत होते, “आणि दहाच्या दहा! माणूस तयार असला की ॲक्सिडेंट होत नाही साहेब.”

ज्या मोठ्या कंपनीच्या गाड्यांसाठी आम्ही लोखंडी ब्रॅकेट बनवायचो, तिथून ते पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी माझे हात नीट पाहिले. माझी छाती फुगली. मग त्यांनी शेजारच्या प्रेसकडं, त्याच्या पलीकडच्या प्रेसकडं नजर फिरवली आणि म्हटलं, “यांचे छान आहेत. आता बाकीच्यांचे दाखवा.”

शेठ म्हणाले, “चहा गार होतोय.”

वाळूजच्या आमच्या त्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, तेव्हा सगळ्या प्रेस जुन्या होत्या. प्रेस म्हणजे काय, तर खाली साचा, त्याला आम्ही डाय म्हणतो. वरून लोखंडाचा जड ठोकळा येतो, तो रॅम. मधे पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, रॅम खाली येतो, पत्र्याचा नग तयार होतो. मग हात घालून तो काढायचा आणि नवा पत्रा ठेवायचा. जुन्या प्रेसला एकदा पेडल दाबलं की रॅम खाली येणारच. मधे बोट असो, हात असो, तिला काही घेणंदेणं नव्हतं. त्यामुळं शॉपमध्ये कुणाचं एक बोट कमी, कुणाची दोन. आमच्या गेटवरचा वॉचमन अंकुश साळवे आधी माझ्या शेजारच्या प्रेसवर होता. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढंच राहिलं होतं.

मी मात्र पूर्ण. माझं नाव भुजंग वाघचौरे, पण शॉपमध्ये मला सगळे दहाबोटे मामा म्हणायचे. नव्या माणसाला ते माझं आडनावच वाटायचं आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. मला लिहायला-वाचायला येत नव्हतं. पगाराच्या वेळी अंगठा द्यायचो. पण तो कसा द्यायचो! शाईत बुडवून, सावकाश, चारचौघांना दिसेल असा. अंगठेबहाद्दर पुष्कळ असतील, पण प्रेसवर जन्म काढून अंगठा शिल्लक असलेला अंगठेबहाद्दर मी एकटाच, असा माझा तोरा होता. सही आणि मग अक्षरं शिकलो ती पार म्हातारपणी, नातीच्या पाटीवर. हे लिहिलंय तेही त्याच जोरावर. तेव्हा अक्षरं कुठं लहानमोठी झाली असली तर सांभाळून घ्या.

पाहुणे गेले आणि थोड्या दिवसांनी बातमी आली की शॉपमध्ये नवी प्रेस येणार आणि तिला पडदा असणार.

“पडदा कामून?” एकानं विचारलं. “पाहुण्यांना आपली थोबाडं दिसू नयेत म्हणून?”

“अरे कपडेका नहीं रे बाबा,” आमचे सुपरवायझर पठाणभाई म्हणाले. त्यांची मराठी अशीच, निम्मी दखनी. “उजेडाचा पडदा है. दिसता नहीं, पन अस्तो.”

“दिसत नाही तर मग पडदा कशाला म्हणायचं?” मी म्हणालो. सगळे हसले. त्या दिवशी मला वाटलं, पडद्याला मी पहिल्याच डावात चीत केलं.

पडदा बसवायला पुण्याहून निरगुडे नावाचा इंजिनिअर आला. वयानं माझ्या मुलाएवढा. त्यानं प्रेसच्या पुढं डावीकडं एक आणि उजवीकडं एक असे दोन पिवळे खांब बसवले. एका खांबातून डोळ्याला न दिसणारे उजेडाचे किरण निघतात आणि दुसऱ्या खांबात जातात. मधे हात आला की किरण तुटतो, तांबडा दिवा लागतो आणि रॅम आहे तिथं थांबतो. ही प्रेस हवेवर चालणारी होती, तिला मधेच थांबता यायचं. दिवा हिरवा असेल तरच ती हलणार.

मी स्टूल ओढून बसलो आणि तक्रार केली. “साहेब, हे खांब डायपासून एवढे लांब कामून ठोकले? माझा हात तिथवर न्यायला मला एस्टी पकडावी लागेल.”

“काका, दिवा लागला तरी रॅम थांबायला किंचित वेळ लागतो,” तो म्हणाला. “तेवढ्यात हात डायपर्यंत पोचला नाही पाहिजे. म्हणून पडदा लांब. हात जेवढा चपळ तेवढा पडदा लांब.”

“माझ्या हाताचा हिशेब धरला का? माझा हात लई चपळ आहे.”

“तुमच्यासारख्यांच्या हाताचाच हिशेब धरलाय.”

ही स्तुती आहे असं समजून मी मिशी पिळली. मिशीचं सांगायचं तर, माझ्या जुन्या प्रेसच्या कडेला एक छोटा आरसा टांगलेला असायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर मी त्यात मिशी विंचरायचो. नवी प्रेस आली तशी तो आरसा मी तिच्या पिवळ्या खांबाला अडकवला होता. निरगुडेचं लक्ष तिकडं गेलं.

“हे बघा, सगळ्यांनी ऐका,” तो म्हणाला. “या पडद्याच्या जवळपास आरसा नको—”

सगळं शॉप खो खो हसायला लागलं. “मामा, गेली तुमची मिशी!” “मामा, आता पठाणभाईंच्या टकलात बघून विंचरा!” या गोंगाटात निरगुडे पुढं आणखी काही बोलला. त्याचे ओठ हललेले मी पाहिले. पण माझे कान तापलेले होते. मी उठलो, मोठ्या रुबाबात आरसा काढला, खिशात घातला आणि म्हणालो, “घ्या. काढला. आणखी काही?”

आणखी होतं. निरगुडेनं हातभर लांबीची एक काळी काठी दिली. रोज शिफ्ट सुरू होताना ती पडद्यातून वर, मधे आणि खाली, डावीकडून उजवीकडं फिरवायची. प्रत्येक ठिकाणी तांबडा दिवा लागला तरच काम सुरू करायचं.

“ही तर आरतीच की!” कुणीतरी म्हणालं, आणि त्या दिवसापासून त्या काठीचं नाव आरती पडलं.

पहिल्या आठवड्यात त्या प्रेसनं माझी जी शोभा केली ती सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. जुन्या प्रेसवर माझी रीत अशी होती की रॅम वर जायला लागला रे लागला की हात आत. तो पुरता वर जायची वाट बघायची म्हणजे कच्च्या माणसाचं काम. नव्या प्रेसवर रॅम हलत असताना मी तसा हात घातला की पीं! भोंगा वाजायचा, दिवा तांबडा, मशीन बंद. मग पठाणभाईंनी यायचं, चावी फिरवायची, मला बघून मान हलवायची. भोंगा वाजला की सगळं शॉप माझ्याकडं वळून बघायचं. एवढ्या वर्षांत मला कुणी शिट्टी मारली नव्हती. आता लोखंड मारत होतं.

नवरात्राच्या तोंडावर पठाणभाई माझ्या स्टुलाजवळ उकिडवे बसले.

“मामा, एक बात है. दसऱ्याच्या नंतर ये प्रेस कौतिकाताईला द्यायचीय. आप उसको सिखाव.”

कौतिका म्हणजे अंकुश वॉचमनची बायको. पॅकिंगला होती. उंच, शांत बाई. हसायची कमी, पण बोलली की समोरच्याचं तोंड बंद करायची.

“बाईला प्रेसवर?” मी म्हणालो. “आजवर कधी बसली का बाई प्रेसवर?”

“आजवर पडदा कहाँ था? अब कोई भी बैठ सकता.”

कोई भी. म्हणजे कुणीही. “आणि मी?”

“आप स्टोअरमें. आराम की जगह है. नट-बोल्ट मोजायचे.”

मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणालो, पोट बिघडलंय. स्टोअरमध्ये कोण पाहुणा येऊन माझे हात बघणार होता? जी प्रेस कुणालाही चालवता येते तिच्यावर दहा बोटांना काय किंमत? त्या पडद्यानं माझी बोटं वाचवायला म्हणून येऊन माझं आडनावच काढून घेतलं होतं.

मग मी ठरवलं की प्रेसला आपलंसं करायचं. खंडेनवमी जवळ आली होती. आमच्याकडं त्या दिवशी मशीन बंद ठेवून त्यांची पूजा करतात. हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. मी गावाकडं गौरींची मखरं करायचो, पंचक्रोशीत नाव होतं. या प्रेसला मी असं मखर करणार होतो की देवी स्वतः येऊन बसावी. बाजारातून बेगड आणलं. हो, तोच तो चांदीसारखा चकाकणारा कागद. पुठ्ठे कापले, त्यांच्यावर बेगड चिकटवलं. माळ पडद्यात लोंबली तर दिवा तांबडा राहणार हे मला कळत होतं, तेवढी अक्कल होती. म्हणून माळा वर बांधल्या, आणि खाली, दोन्ही खांबांच्या मधे, डायच्या समोर बेगडाची एक लांब पट्टी बसवली. नव्या नवरीच्या कमरपट्ट्यासारखी. चेहरा दिसावा इतकी लख्ख.

शेठ आले, नारळ फोडला आणि म्हणाले, “वा, मामा! दिवाळीपर्यंत काढू नका हे.”

कौतिकानं पण पाहिलं. “छान आहे,” म्हणाली. मग वाकून प्रेसला कुंकू लावलं आणि हळूच काहीतरी पुटपुटली. ती काय बोलली ते मला तेव्हा ऐकू आलं नाही.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. मी स्टुलावर बसलो. काठी हातात घेऊन आरती केली. आता माझी आरती कशी असायची? बसल्या बसल्या वरच्या वर एकदा ओवाळायचं. दिवा तांबडा लागला, झालं. मग पेडल दाबलं. रॅम खाली आला, वर निघाला, आणि जुन्या सवयीनं माझा हात आत गेला. मी डोळे मिटले. आता पीं वाजणार.

वाजलं नाही.

नग माझ्या हातात होता. दिवा हिरवा होता. मी पुन्हा केलं. पुन्हा हिरवा. मी इकडंतिकडं पाहिलं आणि गाणं गुणगुणत जुन्या चालीनं काम सुरू केलं. शेजारचा गडी उठून आला.

“मामा, शिट्टी बंद पडली का?”

“तू हात घाल,” मी म्हणालो.

तो उभा होता. मी पेडल दाबलं आणि त्यानं उभ्या उभ्या छातीच्या उंचीवर हात पुढं केला. पीं! दिवा तांबडा. पठाणभाई चावी घेऊन धावत आले. मग मी बसून, खालून, अलगद हात सरकवला. हिरवा.

“काय केलं मामा?”

“काही नाही,” मी नम्रपणे म्हणालो. तो नम्रपणा आठवला की अजून माझं मलाच हसू येतं. “मखर केलं. देवी प्रसन्न झाली. आता मशीनला माझा हात ओळखू येतो.”

दुपारपर्यंत ही गोष्ट शॉपभर झाली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या कारखान्यातून दोघं बघून गेले. एकानं माझ्या पायाला हात लावला आणि मी लावू दिला. दुसऱ्यानं विचारलं, आमच्या मशीनचं मखर कराल का? मी म्हणालो, बघू, योग पाहिजे. पठाणभाई नुसते डोकं खाजवत होते. “सेटिंग वरखाली झालं असेल, निरगुडेला फोन करतो,” म्हणाले. मी म्हणालो, “करा ना. पण आधी शेठना विचारा, देवीनं ज्याचा हात धरला त्याला स्टोअरला पाठवायचं का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिका शिकायला आली. पदर खोचलेला, केस घट्ट बांधलेले. अंकुश गेट सोडून शॉपच्या दारापर्यंत आला होता आणि तिथंच उभा राहिला.

“या ताई,” मी म्हणालो. “बघा, शिका. पण मनात ठेवा, ही प्रेस ज्याची त्याचीच असते.”

“काठी द्या,” ती म्हणाली.

“आरती मी केली.”

“मी बसणार तर मी करणार.”

मी काठी दिली. तिनं माझ्यासारखी ओवाळली नाही. निरगुडेनं दाखवलं होतं तसं, सावकाश. वर, डावीकडून उजवीकडं. तांबडा. मधे. तांबडा. मग वाकून, अगदी खाली, बेगडाच्या पट्टीला घासून.

हिरवा.

तिनं पुन्हा केलं. हिरवा.

“मामा, खाली दिवा लागत नाही.”

“खाली माझ्या हाताची जागा आहे,” मी समजावलं. “तिथं तिनं वाट मोकळी केलीय.”

“मग मी नाही बसत.”

“बघा पठाणभाई!” मी टाळी वाजवली. “मी काय म्हणत होतो? बाई घाबरली.”

“घाबरले,” कौतिका म्हणाली. “ज्या घरात मी भात कालवून देते ना मामा, तिथं घाबरायचं शिकलेच आहे मी.”

दारात अंकुशनं उजवा हात शर्टाच्या खिशात सरकवला.  इथं शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. पण आजूबाजूला एवढी माणसं गोळा झालेली, आणि मी काल कुणाला पायाला हात लावू दिलेला.

“असं म्हणता?” मी बाह्या सरसावल्या. “मग बघा. मी हात आत ठेवतो, डायवर, पसरून. पठाणभाई पेडल दाबतील. खरा धोका असला तर ती थांबेलच. तिला माझा हात माहीत आहे. कधी बाहेर येणार तेही माहीत आहे, म्हणून एरवी शिट्टी मारत नाही. दाबा पठाणभाई.”

“मामा, पागल हो गये क्या?”

“दाबा म्हणतो ना!”

मी स्टुलावर बसलो आणि खालून हात सरकवला. खरंच सरकवला. बोटं डायच्या थंड लोखंडाला लागली. दिवा हिरवाच होता. पठाणभाईंनी पेडलवर पाय ठेवलाच नाही. मला राग आला आणि मी स्वतःचाच पाय पेडलकडं नेला.

माझं मनगट कुणीतरी धरलं आणि खसकन ओढलं. कौतिका होती. पॅकिंगच्या बाईच्या हाताला एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

“मामा,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “आधी तुमचा मोजा जाऊ द्या. मग तुम्ही.”

“कोणता मोजा?”

कंपनीनं सगळ्यांना कापडी हातमोजे दिले होते. मी ते कधी घातले नाहीत. मोजे घालणं म्हणजे भित्र्यांचं काम. माझे कपाटात कोरे करकरीत पडले होते. तिनं त्यातला उजव्या हाताचा आणवला, त्याच्या पाचही बोटांत चिंध्या कोंबल्या, मनगटाशी तीच काळी काठी खुपसली आणि दोरीनं आवळली. बघता बघता एक हात तयार झाला, मनगटासकट.

“हा तुमचा मोजा आहे ना?”

“माझाच.”

“मग ओळखेलच ती.”

 शॉपमधली माणसं कुजबुजायला लागली, हो, बरोबर आहे, मामाचा आहे तर थांबेलच. मलाही ते पटलं, काय सांगू. मी पुढं वाकून प्रेसला म्हणालोसुद्धा, “माझाच आहे बरं का.”

कौतिकानं बाजूला उभं राहून काठी खालून सरकवली. मोज्याची बोटं डायवर पसरली. काठी पडद्यातून आरपार गेलेली, दिवा हिरवा. ती म्हणाली, “दाबा.”

मी माझ्या पायानं पेडल दाबलं.

आवाज नेहमीचाच झाला. फक्त पत्र्यावर होतो त्यापेक्षा थोडा मऊ. रॅम वर गेला. कौतिकानं काठी बाहेर काढली आणि सगळ्यांपुढं धरली.

मधली तीन बोटं पापडासारखी झाली होती. एकाचं टोक लोंबत होतं. अंगठा आणि करंगळी डायच्या कडेला राहिली होती, ती तशीच गुबगुबीत.

 दारातून अंकुश आत आला. त्यानं खिशातून हात काढला, तो मोजा घेतला आणि स्वतःच्या उजव्या हाताशेजारी धरून पाहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “तुमचा आहे ना मामा? घ्या.”

मी घेतला. माझी दहा बोटं तो धरू शकत नव्हती. मोजा खाली पडला.

पठाणभाईंनी ऑफिसातून निरगुडेला फोन लावला. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

“हाँ साहेब, खालीच दिसत नाही तिला. वर-मधे ठीक है... नहीं साहेब, आरसा कहाँ? आरसा तो मामाने उसी दिन निकाला, खिशात डाला... काय? आरसा किंवा?” पठाणभाईंनी फोन कानाला घट्ट दाबला.  मग सावकाश वळून काचेतून त्यांनी प्रेसकडं पाहिलं. “हाँ,” ते म्हणाले. “है. कमरपट्टा है.”

तर निरगुडे त्या दिवशी हशाच्या गोंगाटात पुढं बोलला होता ते असं, की आरसा नको किंवा आरशासारखं चकाकणारं काहीच नको. हात मधे आला की किरण तुटायला पाहिजे. पण शेजारी चकाकणारं काही असेल तर किरण त्याच्यावर आपटतो, हाताला वळसा घालतो आणि पलीकडच्या खांबात पोचतो. खांबाला वाटतं, मधे कुणीच नाही. सगळं शॉप हसलं होतं, म्हणून कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. आणि ज्याच्यावर हसले त्यानं तर आरसा खिशात घालून गावभरचा आरसा आणून डायसमोर चिकटवला होता.

देवी प्रसन्न झाली नव्हती. मी तिच्या डोळ्यांपुढं बेगड धरलं होतं आणि ती मला ओळखते म्हणून मिरवत होतो. माझा हात तिला ओळखू येत नव्हता, तिला तो दिसतच नव्हता.

मखर मीच काढलं. पट्टी ओढताना बेगडात माझी मिशी दिसली, विस्कटलेली. विंचरायचं सुचलं नाही.

कौतिकानं त्या चेपलेल्या मोज्यातून काठी सोडवली आणि पुन्हा फिरवली. वर तांबडा. मधे तांबडा. खाली तांबडा. मग पदर पुन्हा खोचून ती स्टुलावर बसली.

“ताई,” मी विचारलं, “खंडेनवमीला कुंकू लावताना तुम्ही काय पुटपुटला होतात?”

“मी प्रेसला म्हणाले, बाई, डोळे उघडे ठेव.” तिनं पत्रा ठेवला. “शिकवता ना मामा? नग कोणत्या हातानं काढायचा?”

मी शिकवलं. रॅम पुरता वर गेल्यावर हात घाला, असं मी शिकवलं. मी! ते ऐकून पठाणभाई पाठ फिरवून हसले, त्यांचे खांदे हलत होते.

स्टोअरला मला पाठवलं नाही. पुढं सगळ्याच प्रेसला पडदे आले आणि पठाणभाईंनी मला ती काळी काठी दिली. रोज शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येक प्रेसपुढं जायचं आणि आरती करायची. वर, मधे, खाली. माझ्यामागून कुणीतरी टाळ्या वाजवायचं, कुणी म्हणायचं, “मामा, प्रसाद?” मी वाकून खालून काठी फिरवत राहायचो. दहाबोटे हे नाव मागं पडलं. मला पुजारी म्हणायला लागले.

माझ्या रिटायरमेंटच्या आधी पुन्हा एकदा पाहुणे आले. त्याच चष्मेवाल्या बाई, केस पांढरे झालेले. शेठना जुन्या सवयीनं राहवलं नाही.

“मामा, हात दाखवा,” ते म्हणाले.

काठी काखेत धरून मी दोन्ही हात पुढं केले. पण बाईंनी माझ्या हातांकडं पाहिलंच नाही. त्या कौतिकाच्या प्रेसपुढं उभ्या होत्या. “यांचे बघायचेत,” म्हणाल्या.

“ताई, जरा हात दाखवा,” शेठ म्हणाले.

कौतिकानं मान वर केली नाही. रॅम वर गेला, तिनं नग काढला, पत्रा ठेवला.

“हात कामात आहेत, शेठ,” ती म्हणाली. “तिथूनच मोजा.”

बाई वाकून मोजू लागल्या. शेठही मोजू लागले. माझे दोन्ही हात तसेच पुढं धरलेले राहिले, तळवे वर, आणि काखेतली काठी घसरून पायावर पडली.